घरच्या सीएनसी लेथवर मिलिंगची सोय

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही यंत्रमागांची गावे. तेथील लहान वर्कशॉपमध्ये शाफ्ट, बुश, पुली यांची कामे लेथवर होतात. पण शाफ्टला चावीची खाच, म्हणजे की-वे पाडायचा म्हटले की तेच काम दुसऱ्याच्या मिलिंग मशीनवर पाठवावे लागते. मजुरी त्याची, वेळ आपला, आणि गिऱ्हाईक मात्र आपल्या दारात ताटकळत उभे!

ज्या कारागिरांनी आपल्या जुन्या लेथला मोटरी व बॉल स्क्रू बसवून तो सीएनसी केला आहे, त्यांना ही अडचण घरच्या घरी दूर करता येते. ती कशी, हे आपण पाहू.

लेथवर काम फिरते व हत्यार फिरत नाही. मिलिंगमध्ये कटर फिरतो. म्हणून टूल पोस्ट काढून क्रॉस स्लाइडवर स्वतंत्र मोटरचा छोटा स्पिंडल बसवावा. कटर तीन जबड्यांच्या चकमध्ये धरू नये; तो सरकतो. त्यासाठी कोलेटच हवे. कटरचा मध्य लेथच्या सेंटरच्या उंचीवर तंतोतंत आणावा. तो ०.२ मि.मी. वर राहिला, तर खाचही तेवढीच बाजूला पडते.

आता २५ मि.मी.चा शाफ्ट घेऊ. त्याला ८ मि.मी. रुंद व ४ मि.मी. खोल खाच लागते. मुख्य स्पिंडल पक्का जाम करावा. एक्सने खोली व झेडने लांबी मिळते. तिसऱ्या दिशेची गरजच पडत नाही. एचएसएसचा ८ मि.मी.चा दोन धारांचा कटर साध्या लोखंडावर मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांनी चालवावा. फीड मिनिटाला ४० मि.मी. ठेवावा. लेथ हलका असतो, म्हणून एका वेळी अर्धा मि.मी.च कापावे. असे आठ पास होतात. ३० मि.मी. लांबीची खाच साधारण पाच मिनिटांत पुरी होते.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. लेथच्या प्रोग्रॅममध्ये एक्सचे माप बहुधा व्यासाचे असते. ४ मि.मी. खोलीसाठी एक्स २५ वरून २१ वर नेला, तर खाच फक्त २ मि.मी. पडेल, तो १७ वर न्यावा लागतो. लिनक्स-सीएनसी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जी ७ म्हणजे व्यास आणि जी ८ म्हणजे त्रिज्या. मिलिंगच्या आधी जी ८ लिहिण्याची सवय ठेवावी.

फ्लँजला सहा भोके पाडायची असतील, तर स्पिंडल नेमका ६० अंश फिरायला हवा. साध्या स्टेपर मोटरची एक पायरी १.८ अंशांची असते. ६० ला १.८ ने भागल्यास ३३.३३ येतात, म्हणजे हिशेब पुरा बसत नाही. दातेरी पट्ट्याने १ : ६ असे प्रमाण ठेवले, तर पायरी ०.३ अंशाची होते आणि ६० अंशांना बरोबर २०० पायऱ्या लागतात. पट्टा थोडा ताणतो, म्हणून कापताना काम मोटरच्या भरवशावर सोडू नये. स्पिंडलला ब्रेक लावावा.

ब्रेक लागलेला असताना लेथची मोठी मोटर सुरू झाली, तर अपघात होईल. तेव्हा एक सुरू असताना दुसरी सुरू होणारच नाही, अशी वायरिंग वायरमनकडून करून घ्यावी. मिलिंगचा बारीक चुरा बॉल स्क्रूत शिरतो. त्यावर आच्छादन हवे. डोळ्यांवर चष्मा असावा आणि हातमोजे घालू नयेत.

पहिली खाच भंगारातल्या तुकड्यावर पाडून त्यात चावी बसवून पाहावी. कटर जरा लटपटला तरी खाच रुंद होते. ढिली चावी काही दिवसांत शाफ्ट खाते आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते.

खर्च करण्यापूर्वी मागील तीन महिन्यांत किती कामे बाहेर पाठवली व त्यांची मजुरी किती दिली, हे वहीत मांडावे. कामे मोजकीच असतील, तर बाहेरून करून घेणेच परवडते. दर आठवड्याला पाठवावी लागत असतील, तर ही सोय करण्यास उशीर करू नये, असे आम्हाला वाटते.