'पहिली' या शब्दापलीकडच्या कमलाबाई

मिहानमधली नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी मी जुन्या नटनट्यांविषयीची कात्रणे चाळीत असतो. कमलाबाई गोखले त्यांत बहुधा एकाच बिरुदासह भेटतात : 'भारतीय पडद्यावरील पहिली नायिका'. मला हे बिरुद अपुरे वाटते.

१९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन लेक कमला मोहिनी. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी पोटासाठी रंगभूमी धरली होती; कमला तिथेच वाढली.

पण उघडलेले दार उघडे राहिले नाही. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! 'पहिली' आली की पुढचा रस्ता आपोआप मोकळा होतो, हा आपला समज इथे टिकत नाही.

पुढे कमलाबाईंचे पती रघुनाथराव गोखले अकाली गेले. ऐन तारुण्यात मुलांचा भार एकटीवर आला. त्यांनी नाटके केली, पुरुषभूमिकाही केल्या. बोलपट आले, तिथेही उभ्या राहिल्या. मुलगा चंद्रकांत आणि नातू विक्रम नट झाले, लालजी तबलावादक. १९९१ साली रीना मोहन यांनी कमलाबाईंवर माहितीपट केला.

एका चित्रपटाने त्यांना इतिहासात जागा दिली. घर मात्र चालले ते नंतरच्या अनेक वर्षांच्या कष्टांवर. त्यांचे चरित्र लिहायचे, तर तिथून सुरुवात करावी.