पडते हंगाम – भाग ५ : १९११ चा दौरा आणि बाळू पालवणकर

मागच्या आठवड्यात आपण वुलिच आर्सेनल या फुटबॉल क्लबचा १९१२-१३ चा हंगाम पाहिला. ३८ सामने, त्यांत ३ विजय, १२ बरोबरी, २३ पराभव. २६ गोल केले आणि ७४ खाल्ले. घरच्या मैदानावर अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकता आला. क्लब खालच्या विभागात उतरला आणि १९१३ मध्ये टेम्स नदी ओलांडून उत्तर लंडनच्या हायबरीत राहायला गेला. त्या पराभवांची कारणं शोधताना आपल्याला मैदानाबाहेर जाऊन तिजोरीत डोकवावं लागलं होतं.

आजचा हंगाम इंग्लंडच्याच मैदानांवरचा आहे, पण खेळणारी माणसं आपल्याकडची आहेत आणि खेळ क्रिकेट आहे. १९११ च्या मे महिन्यात मुंबईहून एक संघ बोटीने इंग्लंडला निघाला. हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख खेळाडू एकत्र असलेला, संपूर्ण हिंदुस्थानच्या नावाने परदेशी गेलेला हा पहिला क्रिकेट संघ. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत तो २३ सामने खेळला. ६ जिंकले, २ अनिर्णित राहिले, १५ हरले. त्यांतले १४ सामने प्रथम श्रेणीचे, म्हणजे कौंट्या, विद्यापीठं आणि एमसीसी अशा तगड्या संघांविरुद्धचे होते. त्यांत विजय फक्त २ आणि पराभव १०.

हा आकडा एवढाच वाचला तर दौरा वाया गेला असं वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सविस्तर सांगतो.

आधी हरण्याची कारणं. असा संघ पाठवायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घोळत होती. पारशी खेळाडू १८८६ आणि १८८८ मध्ये स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला जाऊन आले होते. पहिल्या दौऱ्यात २८ सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला, पण दोन वर्षांनी ३१ पैकी ८ सामने त्यांनी जिंकले. सगळ्या हिंदुस्थानचा एक संघ करायचा म्हटलं की मात्र कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यायचे, यावर गाडं अडायचं. तीनदा प्रयत्न फसल्यावर १९११ ला ते जमलं. पैसा संस्थानिक आणि टाटांसारखे उद्योगपती यांनी पुरवला. पैशाबरोबर मानापमानही येतातच. कर्णधारपद पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांना मिळालं. वय १९ वर्षं. खेळाची त्यांना आवड होती, हात चांगला होता, पण २२ जूनला लंडनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता आणि महाराजांना तिथली निमंत्रणं, भेटीगाठी यांतून सवड मिळेना. ते मोजकेच सामने खेळले. त्यांचे खासगी सचिव केखुश्रू मिस्त्री हे त्या काळातले देशातले एक अव्वल डावखुरे फलंदाज. धनी नाही म्हटल्यावर सचिवही नाही. म्हणजे एका माणसाच्या दरबारी कामकाजापायी संघाने कर्णधारही गमावला आणि मोठा फलंदाजही.

उरलेल्यांच्या वाट्याला धावपळ आली. एक सामना संपला की आगगाडी, नवं गाव, दुसऱ्या सकाळी नवा सामना. समोर यॉर्कशायर, लँकेशायर, केंट, सरे यांचे पगारी खेळाडू. आपल्याकडे दोन-तीन दिवस चालणाऱ्या सामन्यांचा सराव असलेली माणसं थोडीच होती. लॉर्ड्सवर एमसीसीने डावाने हरवलं. जून सरला, जुलैचा पहिला आठवडा गेला, तरी विजयाचं नाव नव्हतं.

या सगळ्या पडझडीत एक माणूस दिवसभर गोलंदाजी टाकत होता. बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या पालवण गावचं, जात चांभार. वडील सैन्याच्या नोकरीत, त्यामुळे पोरं पुण्यात वाढली. सैनिकांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पुण्यात पारशांच्या मैदानावर झाडलोट करायची, खेळपट्टी निगुतीने राखायची, मध्येच सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले आणि पगार ४ रुपये झाला. तिथे रोलर ओढायचा, जाळी लावायची, आखणी करायची आणि साहेबांना सराव द्यायचा. कॅप्टन ग्रेग हे तिथले नामांकित फलंदाज, आणि ते तासन् तास बाळूंनाच गोलंदाजी टाकायला लावत. बाळूंना फलंदाजी मात्र कोणी देत नसे. डावखुरी संथ फिरकी, टप्प्यावर पक्की पकड, एकाच हालचालीत वेग बदलायची कला, हे सगळं त्या फुकट वाटणाऱ्या राबण्यातून तयार झालं.

हिंदूंच्या क्लबाला पुण्यात युरोपियनांना हरवायचं होतं. बाळूंना घेतल्याशिवाय ते होणार नव्हतं, आणि घेतलं तर सोवळं मोडणार होतं. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणही वेगळं. न्यायमूर्ती रानडे यांनी एका सत्कारसभेत खेळाडूंना सरळ विचारलं की, बाळूंबरोबर खेळता तर त्यांच्याबरोबर जेवायला हरकत कसली? लोकमान्य टिळकांनी पुण्यात जाहीरपणे त्यांचं कौतुक केलं. पुढे प्लेगच्या साथीनंतर कुटुंब मुंबईला आलं. बाळू रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याचे हुकमी गोलंदाज झाले. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता.

तर असा माणूस, वय ३५, इंग्लंडच्या मैदानावर उभा आहे. त्या वर्षी तिकडे विलक्षण उष्ण आणि कोरडा उन्हाळा पडला होता. संथ डावखुऱ्या गोलंदाजाला ओलसर खेळपट्टी लाभते. कोरड्या, टणक खेळपट्टीवर चेंडू सरळ बॅटवर येतो. तरीही केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. दौऱ्याच्या शेवटी त्यांच्या नावावर ११४ बळी होते, सरासरी १८.८४. प्रथम श्रेणीचे सामने तेवढे धरले तर ७५ बळी, सरासरी २०.१२.

ज्यांना सरासरीचा हिशेब नवा आहे त्यांच्यासाठी: एक बळी घ्यायला गोलंदाजाने किती धावा दिल्या, ती संख्या म्हणजे सरासरी. जितकी कमी तितकी चांगली. ११४ बळी गुणिले १८.८४ केलं की सुमारे २१५० धावा होतात. म्हणजे तीन महिन्यांत त्यांनी एवढी गोलंदाजी केली की, फलंदाजांना त्यांच्याविरुद्ध दोन हजारांवर धावा जमवता आल्या, आणि तरी प्रत्येक १९ धावांमागे एक जण बाद होत गेला. २३ पैकी १५ सामने हरलेल्या संघातून हे घडलं आहे. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला पाठीशी मोठी धावसंख्या नसते, झेल सुटतात, आणि समोरच्या संघाला दुसरा डाव पुष्कळदा खेळावाच लागत नाही. हे सगळं वजा करून त्या आकड्याकडे पाहा.

जुलैच्या मध्याला लेस्टरशायरविरुद्ध पहिला विजय आला, सात गडी राखून. डॉक्टर होरमसजी कांगा यांनी तिथे शतक ठोकलं. मुंबईत पावसाळ्यात चालणारी कांगा लीग त्यांच्याच नावाची. पुढे टॉन्टनला सॉमरसेटविरुद्धचा सामना तर एका गड्याने जिंकला. त्या अटीतटीच्या डावात नाबाद ११३ धावा करणारा फलंदाज होता शिवराम पालवणकर, बाळूंचा धाकटा भाऊ. दौऱ्यातल्या प्रथम श्रेणीच्या दोन विजयांपैकी एकावर थेट या घराची मुद्रा आहे.

त्याच जुलैत, २९ तारखेला, कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून फुटबॉलची आयएफए शील्ड जिंकली. गोऱ्या पलटणीला अनवाणी खेळणाऱ्या बंगाली पोरांनी हरवलं, याचा गाजावाजा देशभर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. क्रिकेटच्या दौऱ्याच्या वाट्याला ते कौतुक आलं नाही. आपली गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात होती, रेल्वेच्या रुळांपासून दूर. २९ ऑगस्टला सहावे निजाम महबूब अली खान वारले. त्या वर्षी इकडच्या गावागावांत बोलली गेली असेल ती हीच बातमी.

मुंबईत मात्र बाळू परतले तेव्हा दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. या सभेचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, अशी नोंद रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात केली आहे. दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू काँग्रेसच्या बाजूने होते, आणि १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत ते आंबेडकरांविरुद्ध उभे राहून थोड्या मतांनी हरले. बाबासाहेबांना मानणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांना हा तपशील बोचेल, हे मी जाणतो. पण त्यापायी बाळूंचे ११४ बळी पुसले जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट त्यांना कधीच मिळाली नाही: हिंदू संघाचं कर्णधारपद. १९११ च्या दौऱ्यात सगळा भार वाहून आल्यावरही नाही. १९१३ मध्ये हे पद मिळालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात सांगून टाकलं की हा मान बाळूंचा होता. १९२० ला याच प्रश्नावर शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. विठ्ठल पालवणकर १९२३ मध्ये हिंदूंचे कर्णधार झाले, तोवर बाळूंचं खेळायचं वय सरलं होतं. १९५५ च्या जुलैत ते वारले.

आर्सेनलच्या हंगामात तिजोरी रिकामी होती. इथे पैसा होता, बोट होती, महाराज होते. चुकलं ते माणूस निवडण्यात. ज्याला मैदानाची माती, हवा, फलंदाजाच्या पायांची चाल वीस वर्षं पाठ होती, त्याच्या हाती चेंडू दिला आणि निर्णय दुसऱ्यांच्या हाती ठेवला. बाळू कर्णधार असते तर १५ चे १० पराभव झाले असते की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण निदान कर्णधार रोज मैदानावर हजर असता.

पुढच्या आठवड्यात १८८६ चा पारशांचा दौरा घेऊ: २८ सामने, एक विजय, आणि दोनच वर्षांत तिथे परत जायची जिद्द.