गोधडीचा ताळेबंद

कापडाच्या दुकानात रोज रात्री गल्ल्याचा हिशेब होतो. कोपऱ्यातल्या पोत्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. त्या पोत्यात ताक्याच्या शेवटी उरलेले वीतभर कापड असते, डाग पडल्याने बाजूला काढलेला तुकडा असतो, शिंप्याच्या कात्रीखालून निघालेल्या कातरणी असतात. व्यापारी वहीत या साऱ्याला ‘चिंधी’ म्हणतात आणि तिचे मूल्य शून्य धरतात. या शून्यातून वर्षानुवर्षे टिकणारे पांघरूण उभे करण्याची विद्या महाराष्ट्रातील घराघरांतल्या स्त्रियांनी जपली. ती गोधडी. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा कापडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. म्हणूनच या वस्तूचा ताळेबंद एकदा नीट मांडून पाहावा, असे मला वाटले.

डोलवीच्या ओटीवर

पेण तालुक्यातील डोलवी हे मुंबई-गोवा महामार्गावरचे, धरमतर खाडीच्या काठचे गाव. आज ते पोलादाच्या मोठ्या कारखान्यामुळे ओळखले जाते. परंतु भोवतालच्या गावांत अजूनही खारजमिनीतील भातशेती आहे. बँकेच्या सेवेत असताना बचत गटांच्या कामानिमित्त या पट्ट्यात माझे जाणे होत असे. भाताची झोडणी आटोपली की पावसाळ्यापर्यंत बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते. अशा वेळी एखाद्या घराच्या ओटीवर किंवा सारवलेल्या खळ्यात गोधडी अंथरलेली दिसे. वारा कापड उडवू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड, आणि कडेला बसून दोघी-तिघी शिवत आहेत. सासू कडेच्या ओळी घालते, सून तिच्या मागोमाग येते, शेजारीण गप्पांसाठी म्हणून येते आणि सुई हाती घेते.

गोधडी आणि रजई यांत फरक आहे. रजईत कापूस भरतात. गोधडीत कापसाची भर नसते, कापडावर कापडाचे थर असतात. तळाशी जुने अखंड लुगडे किंवा धोतर, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर, आणि वर निवडक तुकड्यांची जुळणी. थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चा दोरा घालतात. मग जाड सुती दोऱ्याने धावदोऱ्याचे टाके सुरू होतात. अनेक ठिकाणी शिवण कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी आत सरकत मध्यावर पोहोचते. शेवटी कच्चा दोरा काढून टाकतात. ही शिवण केवळ शोभेसाठी नसते. प्रत्येक टाका सगळे थर एकमेकांना बांधतो. त्यामुळे एखादा तुकडा विरला तरी बाकीचे त्याला धरून ठेवतात. विरलेल्या जागी ठिगळ लावले की गोधडी पुन्हा चालू लागते. सातारा, कोल्हापूर भागात हिलाच वाकळ म्हणतात.

अशा तुकड्यांच्या वस्त्राला आपल्याकडे केवळ गरिबीची खूण मानले गेले नाही. संस्कृतात त्याला ‘कंथा’ म्हणतात. बंगालमधील प्रसिद्ध कांथा भरतकामाचे नाव त्याच शब्दाशी जोडले जाते. गाडगेबाबा ठिगळांचे वस्त्र पांघरून गावोगाव फिरले, आणि लोक त्यांना ‘गोधडेमहाराज’ म्हणू लागले. बाळंतिणीच्या घरी तान्ह्या बाळासाठी नव्या कापडाऐवजी आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे शिवतात, यामागेही शहाणपण आहे. अनेक धुण्यांनी कापडातली खळ निघून गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो आणि तो बाळाच्या कातडीला टोचत नाही.

चाळीस हजार टाके

आता हिशेबाकडे वळू. समजा, गोधडी पाच फूट रुंद आणि सात फूट लांब आहे, आणि शिवणीच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर आहे. साठ इंचांच्या रुंदीत 120 ओळी बसतील. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण 840 फूट शिवण झाली. इंचाला चार टाके धरले तर 40,320 टाके पडतात. सरावलेला हात तासाला वीस फूट शिवतो असे मानले, तरी 42 तास लागतात. तुकडे निवडणे, कापणे, जुळवणे आणि कच्चा दोरा घालणे यांसाठी आणखी सहा तास धरू. एकूण 48 तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण सहा दिवस.

या सहा दिवसांना कोणता दर लावावा? रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. त्यासाठीचा राज्याचा कायदा 1977 चा आहे. अंगमेहनतीच्या कामाला द्यायची ती किमान मजुरी, तेथे विशेष कौशल्याची अट नाही. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात हा दर दिवसाला 297 रुपये होता. सहा दिवसांचे 1,782 रुपये होतात. दोरा आणि कडेची पट्टी यांचे शंभर रुपये मिळवले तर खर्च 1,882 रुपयांवर जातो. यात कापडाची किंमत शून्य धरली आहे, कलेचे मोल धरलेले नाही आणि नफा एक पैसाही नाही.

एखाद्या प्रदर्शनात अशी गोधडी पाहून आपण म्हणतो, “जुन्या कापडाचीच तर आहे, सातशेला द्या.” सातशेतून दोऱ्या-पट्टीचे शंभर गेले की उरलेले सहाशे सहा दिवसांत विभागावे लागतात. दिवसाला शंभर रुपये! आपल्या दुकानात खरेदीच्या खाली माल विकायला आपण कधी तयार होत नाही. हंगामाच्या शेवटी घट सोसून विकला, तरी ती घट वहीत लिहितो. गोधडी शिवणारीला वही नसते. तिची घट तिच्या डोळ्यांत, पाठीत आणि बोटांत जमा होत राहते.

पेणचेच एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पेणच्या गणेशमूर्तींना नाव आहे, तसे पेणच्या पोह्याच्या पापडांनाही आहे. पापड लाटणे हेही घरातलेच, बायकांचेच काम. परंतु त्याला वजन आहे, पुडा आहे, ठरलेला भाव आहे. म्हणून ते स्वयंपाकघरातून बाजारात गेले आणि तेथे टिकले. गोधडीला अजून एकक मिळालेले नाही. ‘फावल्या वेळातले काम’ असे एकदा म्हटले की त्या वेळेची किंमत देण्याची जबाबदारी संपते.

तुकड्यांना मिळालेला भाव

अन्यत्र काय घडले, हे पाहण्याजोगे आहे. आपल्या शेजारी, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. तेथील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने आत जायची पद्धत आपल्यासारखीच. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ बसवतात, ही त्यांची खूण. या कवंदी आज परदेशांतील संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या आहेत.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील स्त्रिया शेतातल्या फाटक्या कपड्यांची पांघरुणे शिवत. 1966 मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी सहकारी संस्था काढून ती विकायला आरंभ केला. 2002 मध्ये याच पांघरुणांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले. 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. कापड तेच, टाका तोच. पाहणाऱ्याची नजर बदलली आणि विकणाऱ्यांनी एकत्र येऊन भाव सांगितला.

आपल्याकडे एकत्र येण्याची व्यवस्था नाही, असे म्हणता येणार नाही. नाबार्डने 1992 मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्यास आरंभ केला. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून कार्यरत आहे. ‘उमेद’ अभियानाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरते. गटाच्या सभासद नियमित बैठक घेतात, बचत करतात, परतफेड करतात, वह्या ठेवतात. एवढे असूनही गोधडीसाठी कर्ज मागणारी स्त्री मी क्वचितच पाहिली, आणि त्याचे कारण उघड आहे. तिचा कच्चा माल फुकटचा, यंत्र म्हणजे एक सुई. तिला भांडवलाची अडचण नाही. तिला गिऱ्हाईक हवे आणि रास्त भाव हवा. तो बँक देऊ शकत नाही. तो देणे आपल्या हातात आहे.

आपण काय करू शकतो?

एक अडचण आधी ध्यानात घ्यावी. घराघरांतली सुती लुगडी संपत आली आहेत. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम टिपत नाहीत, त्यांचे थर सुईखाली सरकतात आणि आगीजवळ ते कापड वितळते. दुसरीकडे पानिपतसारख्या ठिकाणी जुन्या लोकरी कपड्यांचा पुन्हा धागा काढून केलेली ब्लँकेटे काही शे रुपयांत मिळतात. अशा वेळी चांगले सुती तुकडे मिळणे हीच गोधडीची खरी गरज ठरते, आणि ते आपल्या दुकानांत आहेत.

दुकानदारांनी सुती कातरण वेगळ्या पिशवीत साठवावे. वीतभराहून मोठे तुकडे निराळे ठेवावेत. जवळच्या बचत गटाला महिन्यातून एकदा ते विनामूल्य द्यावेत. दुकानात एक तयार गोधडी दर्शनी भागात टांगावी, तिच्यावर शिवायला लागलेले तास आणि किंमत लिहावी, आणि ‘भाव एकच’ ही पाटी जशी आपल्या मालाला लावतो तशी तिलाही लावावी.

घरात आईच्या किंवा आजीच्या साड्या कपाटात पडून असतात. देववत नाहीत आणि नेसवतही नाहीत. त्यांतल्या सुती साड्या निवडाव्यात. नवे तुकडे मिसळायचे असतील तर ते आधी धुऊन घ्यावेत, म्हणजे आटायचे ते आधीच आटतील. गडद रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरला तर तो वापरू नये. मग शिवणारीला निम्मी रक्कम आधी द्यावी, माप आणि मुदत कागदावर लिहून द्यावी. मुदत महिनाभराची तरी असावी, कारण ती घर आणि शेत सांभाळून शिवणार असते.

आणि किंमत ऐकून मनात घासाघीस आलीच, तर एवढा हिशेब करावा. 1,900 रुपयांची गोधडी दहा वर्षे वापरली, तर महिन्याला सोळा रुपयेही पडत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. पांघरूण घेताना ते शिवणारीच्या सहा दिवसांचे पूर्ण दाम मोजावे, एवढी भर आपण त्यात घातली तर व्यवहार चोख होईल.