डावखुऱ्या मुलाला धर्माची आडकाठी नाही

पिंपळगाव राजात काय किंवा खामगावात काय, लेकराने प्रसादासाठी डावा हात पुढे केला की कुणीतरी मोठं माणूस लगेच दटावतं. तेवढं समजण्यासारखं आहे. पण पुढे तीच दटावणी पाटीपर्यंत पोचते, पेन्सिल हातातून काढून उजव्या हातात कोंबली जाते आणि कारण विचारलं तर धर्माकडे बोट दाखवलं जातं. उजव्या बाजूला मान देणं आणि डावखुऱ्या माणसाला उणं लेखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथ आणि रूढी पहिली गोष्ट सांगतात, दुसरी आपण आपल्या पदरची जोडली आहे.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा बायबलमध्ये सापडतो. न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी केली जातील, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. डाव्या बाजूची बदनामी करणारे याच दृष्टांतावर थांबतात. पण त्याच बायबलात, शास्ते या पुस्तकात, खराखुरा डावखुरा माणूस भेटतो. मवाबचा राजा एग्लोन याने इस्राएली लोकांना अठरा वर्षं दास्यात ठेवलं होतं. त्यांच्या सुटकेसाठी देवाने उभा केला तो बन्यामीन वंशातला डावखुरा एहूद. त्याने हातभर लांबीची दुधारी तलवार कपड्यांखाली उजव्या मांडीला बांधली आणि डाव्या हाताने उपसून राजाला मारलं. तलवार सहसा डाव्या कमरेला असायची, त्यामुळे उजव्या मांडीचा संशय कुणाला आला नसावा. हा तर कपटी डाव झाला, त्यात डावखुऱ्यांचा गौरव कसला, असा आक्षेप येईल. पण ग्रंथ एहूदला सुटका करणारा म्हणतो आणि त्यानंतर देशाला ऐंशी वर्षं स्वस्थता लाभल्याची नोंद करतो. शिवाय पुढे विसाव्या अध्यायात कपटाचा प्रश्नच नाही. तिथे बन्यामिनी सैन्यातले 700 निवडक डावखुरे गोफणवाले येतात, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. सरळसरळ कौशल्याची ही वाखाणणी आहे. नीतिसूत्रांत तर ज्ञानाच्या उजव्या हातात दीर्घायुष्य आहे आणि डाव्या हातात धन आणि मान.

हिंदू रूढींतही उजव्याचा मान मोठा आहे. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवायचा, दान उजव्या हाताने द्यायचं. पण घरोघरी बसणारा गणपती बहुधा डाव्या सोंडेचा असतो. सिद्धटेकचा किंवा प्रभादेवीचा उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक कडक सोवळ्याचा मानतात. जानवं देवकार्यात डाव्या खांद्यावर असतं, पितृकार्यात उजव्या. घारापुरीच्या अर्धनारीश्वरात डावं अंग पार्वतीचं आहे. डावं म्हणजे अशुभ हे समीकरण या परंपरेलाच पेलत नाही.

राहिला स्वच्छतेचा मुद्दा, आणि तो खरा आहे. शौचाचा हात आणि जेवणाचा हात वेगळा ठेवणं ही पाणी तुटपुंजं असलेल्या, साबण नसलेल्या काळातली शहाणी सोय होती. इस्लाममध्ये उजव्या हाताने जेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे आणि मुस्लिम घरांनी ती पाळण्यात काहीच वावगं नाही. पण हे सगळे नियम ताटाचे आणि पूजेचे आहेत. लेखणीला, विळ्याला, चेंडूला ते लागू होत नाहीत. जगात साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो. हा कल मेंदूच्या घडणीतून येतो आणि जन्माआधीच दिसू लागतो, कारण गर्भातलं बाळ जो अंगठा चोखतं तोच हात पुढे बहुधा त्याचा वापरातला हात ठरतो. सवय लागेल म्हणून मारून हात बदलला तरी घडण बदलत नाही, अक्षर मात्र बिघडतं आणि लेकरू शाळेला भिऊ लागतं. डाव्या हाताने लिहिल्याने काही अडत नाही: सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा आणि लिहितो डाव्या हाताने.

म्हणून आईवडिलांना आणि गुरुजींना विनंती एवढीच: प्रसाद हवा तर उजव्या हातात द्या, पण पेन्सिल डाव्या हातातच राहू द्या आणि वर्गात अशा मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे लिहिताना त्याचं कोपर शेजाऱ्याला लागणार नाही.