डिझेल बदलले; जुन्या ट्रॅक्टरचे काय?



हंगामात ट्रॅक्टरांची रांग गव्हाणीकडे सरकत असते, तेव्हा यार्डात गप्पा रंगतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक विषय हटकून निघतो. "भाऊ, आते डिझेलमा दम नही ऱ्हायना," असे साक्रीकडचा चालक म्हणतो. यावलकडचा सांगतो, नवे डिझेल पंप खाते. मग कोणी त्यात टू-टी ऑईल घालायला सांगतो, कोणी रॉकेल, तर कोणी इंजिनातून काढलेले जळके ऑईल.

एका हंगामात आमच्या गटातील एका सभासदाने असेच जळके ऑईल डिझेलमध्ये मिसळायला सुरुवात केली. आमच्या कानावर आले तेव्हा "थोडे घातल्याने काय बिघडते?" असे आम्हीही म्हणून गेलो. ऐन जानेवारीत त्याचा फिल्टर चोंदला, नोझल अडकले आणि ट्रॅक्टर बसला. तोडलेला दोन ट्रॉल्या ऊस चार दिवस शेतातच वाळला. वजनही घटले, साखरही घटली. टोळीची खोटी झाली ती वेगळीच. नुकसान त्याचे झाले, पण चूक आमचीही होती. म्हणून हा विषय नीट समजून घेऊन येथे मांडत आहोत.

बदलले ते काय?

खनिज तेलात गंधक मुळातच असते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या देशात डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. पुढे देशभरासाठी ही मर्यादा २००० साली पाव टक्का झाली. २००५ मध्ये ती दहा लाख भागांत ५०० भाग, २०१० मध्ये ३५० भाग आणि २०१७ मध्ये ५० भागांवर आली. १ एप्रिल २०२० पासून ती फक्त १० भाग आहे. हेच भारत स्टेज सहाचे डिझेल. हिशेबाने पाहू. १०० लिटर डिझेलचे वजन साधारण ८३ किलो भरते. जुन्या मर्यादेप्रमाणे त्यात ८०० ग्रॅमच्या वर गंधक असू शकत असे. आता ते एक ग्रॅमही असता कामा नये.

हे कशासाठी? गंधक जळले की त्याचा वायू होतो आणि पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनते. ते हवेत जाते, तसेच इंजिनातही लायनर, रिंगा आणि ऑईल यांना खाते. शिवाय नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारी यंत्रणा गंधकाने निकामी होते. तेव्हा गंधक कमी होणे हे जुन्या इंजिनालाही हिताचेच आहे. ऑईलमध्ये आम्ल कमी साचते, रिंगा-लायनरची झीज कमी होते.

मग ओरड कुठून आली?

ओरड अगदीच खोटी नाही. रिफायनरीत गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. तिच्यात गंधकाबरोबर डिझेलला नैसर्गिक वंगणपणा देणारे काही घटकही निघून जातात. वंगण गंधकाने मिळत होते असा समज आहे, तो बरोबर नाही. वंगण देणारे घटक वेगळे. ते गंधकासोबत गेले एवढेच. स्वीडनने १९९१ च्या सुमारास अत्यल्प गंधकाचे डिझेल आणले, तेव्हा तेथे पंप झिजल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून डिझेलमध्ये वंगण वाढविणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळण्याची पद्धत आली.

आपल्याकडेही प्रमाणित डिझेलला वंगणाची परीक्षा आहे. डिझेलमध्ये बुडालेली पोलादी गोळी पोलादी चकतीवर ७५ मिनिटे घासतात. गोळीवरचा झिजेचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी अशा मापापेक्षा, मोठा असता कामा नये. म्हणजे पंपावरच्या चांगल्या डिझेलला घरी वंगण घालण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट रबराची. प्रक्रियेमुळे डिझेलमधील ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. या घटकांनी जुन्या पंपातील नायट्राईल रबराच्या रिंगा फुगून घट्ट बसलेल्या असतात. डिझेल बदलले की त्या थोड्या आकसतात. रबर नवे असेल तर निभावते. वीस-तीस वर्षांचे कडक झालेले रबर मात्र गळू लागते. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा हीच तक्रार झाली होती. तेव्हा पंपाजवळ ओल दिसली, धूळ चिकटली, किंवा सकाळी ट्रॅक्टर एअर धरू लागला, तर पंप गेला असे लगेच समजू नका. पुष्कळदा सील आणि रिंगा बदलल्या की काम भागते.

आपला पंप ओळखा

लांबट अंगाचा, वरून ओळीने नळ्या निघणारा तो इनलाइन पंप. त्याच्या कॅमला ऑईलचे वंगण असते. डिझेलवर भिस्त फक्त प्लंजरची. गोल अंगाचा, डोक्याभोवती वर्तुळात नळ्या असणारा तो रोटरी पंप. त्याचे सगळे अंग डिझेलनेच वंगते. म्हणून हलके, भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल रोटरी पंपाला आधी मारते.

रॉकेल तर दोन्ही पंपांचे वैरी. ते पातळ, वंगण कमी. नव्या डिझेलच्या नावाने ओरडणारा चालकच कधी कधी टाकीत रॉकेल ओतताना दिसतो, याला काय म्हणावे! टू-टी ऑईल पेट्रोलच्या दुचाकीसाठी असते. ते आपल्या डिझेलचे औषध नव्हे. जळक्या ऑईलमध्ये धातूचा चुरा आणि काजळी असते. ती गाळून जात नाही.

हंगामापूर्वी एवढे करा

१. दसऱ्याच्या आत पंपाचे व फीड पंपाचे सील तपासून घ्या. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदला.

२. डिझेल अधिकृत पंपावरूनच, पावती घेऊन भरा. रस्त्याकडेला बॅरलमधून मिळणाऱ्या स्वस्त मालाच्या नादी लागू नका.

३. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दव धरते आणि पाणी तळाशी साचते. पहिल्यांदा सुरू करण्याआधी ते पाणी काढून टाका.

४. फिल्टर ठरलेल्या तासांनी बदला. धुऊन पुन्हा बसवू नका.

५. इंजिन ऑईल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच बदला. गंधक कमी झाले म्हणून मुदत वाढवू नका. काजळी आणि धूळ आहेच.

नव्या डिझेलने जुना ट्रॅक्टर नवा होणार नाही. झिजलेल्या इंजिनाचा धूर झिजेनेच निघतो, त्याला डिझेल काय करणार? पण दम गेल्याची तक्रार असेल तर आधी फिल्टर, सील आणि नोझल पाहा, मग डिझेलला बोल लावा. शंका असल्यास गट कार्यालयात या. आम्ही सोबत येऊन पाहू. "थोडे घातल्याने काय बिघडते?" असे उत्तर मात्र आमच्याकडून पुन्हा मिळणार नाही.

— ऊस विकास अधिकारी