खाजेची कसली लाज?

गेल्या श्रावणातली गोष्ट. बचत गटाची बैठक संपली, हप्त्यांचा हिशेब झाला, बायका चपला घालू लागल्या. एक सूनबाई मात्र वहीशी चाळा करत बसूनच राहिली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, ती तुम्ही दिलेली ट्यूब... तिनं आधी कमी झालं होतं. पण आता पार मांडीपर्यंत आलंय."

माझ्या पोटात धस्स झालं. जूनमध्ये तिनं परकराच्या नाडीखाली खाज सुटते म्हणून सांगितलं होतं. घरात मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब पडून होती. "लाव गं, दोन दिवसांत उतार पडेल," म्हणत मीच ती तिच्या हातावर ठेवली होती. उतार पडलाही. म्हणून संपली की तीच ट्यूब ती पुन्हा पुन्हा आणत राहिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण तिच्या तीन वर्षांच्या मुलाच्या गालावर चट्टा उठला आणि सासूबाईंचा पट्टा सुरू झाला. "माहेरून घेऊन आली ही!" तिचा साबण वेगळा, अंथरूण वेगळं, आणि लेकराला तिच्याजवळ झोपायला बंदी. "रात्री रडतं हो ते ताई, आणि मी भिंतीपलीकडून ऐकते," सांगताना तिचा बांध फुटला.

दुसऱ्याच दिवशी तिला आणि मुलाला घेऊन मी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी ट्यूब मागितली. बारीक अक्षरांतलं नाव वाचलं, क्लोबेटासॉल. म्हणाल्या, "हे स्टेरॉइड आहे. त्यानं लाली आणि खाज दबते, पण बुरशी मरत नाही. उलट तिला मोकळं रान मिळतं." औषध थांबलं की ती दुप्पट जोमानं पसरते, कातडी पातळ होते, पांढरट वळ उमटतात ते जात नाहीत. मी मान खाली घालून ऐकत होते. २०१८ साली सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर मिळतात आणि माझ्यासारख्या शहाण्या बायका ती वाटतात!

मग त्यांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नायटाच. म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत गजकर्ण. रक्त बिघडल्यानं तो होत नाही, वांगं खाल्ल्यानंही नाही. ओलाव्यात वाढणारी ती बुरशी असते.

"घरात आणखी कुणाला आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. सूनबाई गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ह्यांना. जांघेत. दिवाळीपासून." म्हणजे तिच्या आधी सहा-सात महिने! पण पुरुषमाणसाला घामानं होतच असतं म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

मुलाचा चट्टा मात्र निराळा, लालभडक, सुजलेला आणि ओलसर. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "घरी वासरू आहे का रे?" पोरगं लगेच खुललं. दिवसभर वासराच्या गळ्यात गळा घालून बसायचं ते. वासराच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्या, केस गेलेले. तोही नायटाच, पण बुरशीची जात बहुधा वेगळी. म्हणजे मुलाला आईकडून लागलंच नव्हतं!

वासराला गुरांच्या डॉक्टरांनी पाहिलं. खपल्या साबणपाण्यानं मऊ करून काढायच्या, इकडेतिकडे न टाकता जाळायच्या, मग त्यांनी दिलेलं आयोडीनचं औषध लावायचं, तेही हातमोजे घालून. वासरू वेगळं, उजेडात बांधायचं. दावं, खुंटा, खरारा यांवर ही बुरशी कित्येक महिने तग धरते, म्हणून त्यांचीही सफाई हवी. घरात मांजर किंवा कुत्रं असेल आणि त्याचे केस गोल गोल जात असतील, तर त्यालाही दाखवा.

मैत्रिणींनो, नायटा ओळखायला फार कठीण नसतो. गोल चट्टा, कड उठावदार आणि खवल्यांची, मध्ये कातडी निवळल्यासारखी, आणि जीव नको करणारी खाज. पण स्टेरॉइड लावलं असेल तर ही खूणच पुसली जाते. पाठीवर-मानेवर खाज नसलेले फिकट ठिपके बहुधा शिब्याचे असतात. मात्र फिकट डागावर स्पर्श कळत नसेल, तर एकही दिवस न घालवता सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे मोफत असतं.

उपचाराला धीर लागतो. मलम चट्ट्यावर आणि त्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं. दिसेनासं झालं तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. आपल्याकडे पसरलेल्या एका हट्टी बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव मिळालं. नेहमीची गोळी तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. म्हणून शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. दिवस गेले असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. आणि घरात ज्यांना ज्यांना आहे, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हावा. नाहीतर एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला!

आता खरी अडचण सांगते. आतले कपडे आपण कुठे वाळवतो? साडीखाली, दाराआड, न्हाणीघरातल्या खिळ्यावर. कुणी बघेल म्हणून. ते दमट राहतात आणि तसेच अंगावर चढतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. कपडे गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात इस्त्री फिरवा. कमरेचा करगोटा बरं होईपर्यंत काढून ठेवा. नाडीची जागा, जांघा, स्तनांखाली अंग कोरडं ठेवा.

सूनबाईला पुरते तीन महिने लागले. नवराही निमूट औषध घेत होता. दिवाळीत फराळाचा डबा द्यायला गेले, तर अंगणातल्या दोरीवर सगळे कपडे उघड्या उन्हात वाळत होते. वासराच्या डोळ्यांभोवती नवे केस आले होते आणि पोरगं आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या. इकडेतिकडे बघत पाऊल पुढे केलं. "ताई, माझ्या पायाच्या बेचक्यांत पावसाळ्यापासून चिखल्या झाल्यात. कुणाला बोलले नाही. एखादी ट्यूब असेल का तुमच्याकडे?"

"ट्यूब नाही," मी म्हटलं. "पण सोमवारी सकाळची एसटी आहे. मी येते बरोबर."