वंडर गर्ल्स : एका कोरियन गायिकासमूहाची वाटचाल आणि सदस्यबदलाचा अर्थ

प्रस्तावना

दक्षिण कोरियातील लोकप्रिय संगीत आज 'के-पॉप' या नावाने जगभर ओळखले जाते. त्याची चर्चा बहुधा विक्रीचे आकडे, चाहत्यांचे संघटन आणि कोरियाचा सांस्कृतिक प्रभाव या तीन अंगांनी होते. मात्र हे संगीत ज्या समूहांमार्फत सादर होते, त्या समूहांची घडण, त्यातील व्यक्तींचे येणे-जाणे आणि त्यामागील कारणे यांकडे लक्ष दिल्यास या उद्योगाचे स्वरूप अधिक स्पष्टपणे समजते. समूहाचे नाव तेच राहते, गाणी तीच राहतात, परंतु गाणाऱ्या व्यक्ती बदलतात. मग समूह म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न उपस्थित होतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार 'वंडर गर्ल्स' या गायिकासमूहाच्या उदाहरणावरून केला आहे. २००७ ते २०१७ या दहा वर्षांत या समूहात एकूण सात गायिका होत्या. तथापि एका वेळी पाचांहून अधिक सदस्या कधीच नव्हत्या. प्रत्येक बदलामागे त्या त्या सदस्येच्या आयुष्यातील एक वेगळी निकड होती. आरोग्य, शिक्षण, विवाह आणि व्यवसायांतर या चारही निकडी या एकाच समूहाच्या इतिहासात आढळतात. म्हणून अभ्यासासाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

प्रशिक्षणार्थी पद्धती आणि समूहाची स्थापना

कोरियन गायिकासमूह मैत्रिणींनी एकत्र येऊन स्थापन केलेला नसतो. व्यवस्थापन कंपनी किशोरवयीन मुलामुलींची निवड करते, त्यांना काही महिने ते काही वर्षे गायन, नृत्य, भाषा आणि मंचावरील वावर यांचे शिक्षण देते आणि त्यांतून निवडक प्रशिक्षणार्थींचा समूह बांधते. या काळातील खर्च कंपनी करते व पुढील उत्पन्नातून तो वसूल करते. समूहात प्रत्येकीची भूमिका आधीच ठरलेली असते. एक समूहप्रमुख असते, एक-दोघी मुख्य गायिका असतात, एखादी रॅप सादर करते, तर एखादी नृत्यात अग्रभागी असते. गाण्याच्या ओळी आणि नृत्यातील जागा याच वाटणीनुसार ठरतात. त्यामुळे एक सदस्या गेली की ओळींची फेरवाटणी करावी लागते, नृत्यरचना नव्याने बसवावी लागते आणि जुनी गाणीही नव्या आवाजांत मंचावर आणावी लागतात.

गायक-संगीतकार पार्क जिन-यंग यांच्या 'जेवायपी एंटरटेनमेंट' या कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये वंडर गर्ल्सला रसिकांसमोर आणले. सनये, येउन, सनमी, सोही आणि ह्यूना या पहिल्या पाच सदस्या होत. समूहप्रमुख सनये हिची निवड २००१ मध्येच झालेली होती. म्हणजे पदार्पणापूर्वी तिची सुमारे सहा वर्षे प्रशिक्षणात गेली होती. पदार्पणाच्या वेळी सनये व येउन १७ वर्षांच्या, तर सनमी, सोही व ह्यूना अवघ्या १४ वर्षांच्या होत्या. पुढील सर्व घडामोडींचा विचार करताना हे वय ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिला बदल : आरोग्य

'आयरनी' हे समूहाचे पहिले गाणे. त्यातील रॅपचा भाग ह्यूनाकडे होता. पदार्पणानंतर सहा महिनेही पूर्ण झाले नव्हते, तोच जुलै २००७ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव आणि पालकांच्या चिंतेमुळे ह्यूना समूहातून बाहेर पडली. सप्टेंबर २००७ मध्ये तिच्या जागी युबिन आली. युबिन यापूर्वी 'फाइव्ह गर्ल्स' नावाच्या एका समूहासाठी तयारी करत होती, परंतु तो समूह पदार्पणापूर्वीच विसर्जित झाला होता. ह्यूनाची रॅपची जागा युबिनने घेतली.

त्याच महिन्यात 'टेल मी' हे गाणे प्रसिद्ध झाले. अमेरिकन गायिका स्टेसी क्यू हिच्या १९८६ मधील 'टू ऑफ हार्ट्स' या गाण्याच्या ध्वनिअंशावर ते आधारलेले होते. सहज अनुकरण करता येईल अशा त्याच्या नृत्याने कोरियात लाटच उसळली. विद्यार्थ्यांपासून सैनिक व पोलिसांपर्यंत अनेकांनी ते नृत्य करून त्याच्या चित्रफिती प्रसारित केल्या. २००८ मध्ये 'सो हॉट' आणि 'नोबडी' ही गाणी आली आणि समूहाचे स्थान पक्के झाले. ह्यूना पुढे दुसऱ्या कंपनीच्या 'फोर मिनिट' या समूहातून २००९ मध्ये पुन्हा मंचावर आली. एका समूहातून बाहेर पडणे म्हणजे कारकीर्द संपणे नव्हे, हे तिच्या उदाहरणाने दाखवून दिले. मात्र अशी दुसरी संधी प्रत्येकीला मिळतेच असे नाही.

दुसरा बदल : अमेरिका आणि शिक्षण

२००९ मध्ये कंपनीने समूहाला अमेरिकेत नेले. तेथे 'जोनास ब्रदर्स' या लोकप्रिय गायकबंधूंच्या दौऱ्यात प्रारंभीचे गायन वंडर गर्ल्सकडे होते. 'नोबडी'ची इंग्रजी आवृत्ती ऑक्टोबर २००९ मध्ये 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीत ७६ व्या क्रमांकावर आली. या यादीत स्थान मिळवणारा हा पहिला कोरियन समूह ठरला.

या यशाची दुसरी बाजूही होती. मायदेशातील समूहाची उपस्थिती विरळ झाली. त्याच वर्षी 'गर्ल्स जनरेशन' या प्रतिस्पर्धी समूहाच्या 'जी' या गाण्याने केबीएसच्या 'म्यूझिक बँक' कार्यक्रमात सलग नऊ आठवडे अग्रस्थान राखले. सतत प्रवास, परकी भाषा आणि कुटुंबापासूनचा दुरावा यांचा भार किशोरवयीन सदस्यांवर पडला. जानेवारी २०१० मध्ये सनमी शिक्षणासाठी समूहातून बाहेर पडणार असल्याचे जाहीर झाले. तेव्हा ती १७ वर्षांची होती.

तिच्या जागी आलेली हेरिम हाँगकाँगमध्ये वाढलेली असल्याने तिला चिनी व इंग्रजी भाषा अवगत होत्या. मे २०१० मधील 'टू डिफरंट टियर्स' हे गाणे कोरियन, इंग्रजी आणि चिनी अशा तिन्ही भाषांत प्रसिद्ध झाले. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सदस्या वैयक्तिक कारणाने जाते, परंतु तिच्या जागी कोण येणार हे कंपनीच्या बाजारविषयक धोरणानुसार ठरते. २००७ मध्ये रिकाम्या झालेल्या रॅपच्या जागेवर रॅपर आली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारपेठेसाठी बहुभाषी सदस्या आली.

तिसरा टप्पा : विवाह, व्यवसायांतर आणि विराम

नोव्हेंबर २०११ मध्ये 'वंडर वर्ल्ड' हा गीतसंग्रह आणि त्यातील 'बी माय बेबी' हे गाणे, तसेच २०१२ मध्ये 'लाइक धिस' हे गाणे प्रसिद्ध झाले. जानेवारी २०१३ मध्ये समूहप्रमुख सनये हिचा विवाह झाला. तेव्हा ती २३ वर्षांची होती. कारकीर्द चालू असलेल्या समूहाच्या प्रमुखाने विवाह करणे ही त्या क्षेत्रात अत्यंत दुर्मिळ घटना होती. या उद्योगात गायिकेचे अविवाहित असणे हा तिच्या लोकप्रियतेचा एक अलिखित आधार मानला जातो. त्यामुळे सनयेच्या निर्णयावर कोरियात मोठी चर्चा झाली. त्यानंतर समूहाचे काम थांबले. डिसेंबर २०१३ मध्ये करार संपताच सोहीनेही कंपनी सोडली आणि ती अभिनयाकडे वळली. २०१६ मधील 'ट्रेन टू बुसान' या गाजलेल्या चित्रपटात तिची भूमिका आहे. सनये व सोही समूहात नसल्याचे औपचारिकरीत्या मात्र जुलै २०१५ मध्ये जाहीर झाले.

या दोघींच्या जागी नव्या सदस्या आणल्या गेल्या नाहीत. समूहाचे वय वाढलेले होते आणि त्याची ओळख विशिष्ट चेहऱ्यांशी घट्ट जोडली गेली होती. अशा टप्प्यावर नवी सदस्या आणणे रसिकांना मान्य होणे कठीण असते.

चौथा टप्पा : चौघींचा वाद्यवृंद

जून २०१५ मध्ये अनपेक्षित बातमी आली. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली सनमी समूहात परतली. दरम्यान २०१३ व २०१४ मध्ये तिने एकल गायिका म्हणून यश मिळवले होते. आता येउन, युबिन, सनमी आणि हेरिम अशा चौघी वाद्ये हाती घेऊन मंचावर आल्या. सनमीकडे बास गिटार, युबिनकडे ड्रम, हेरिमकडे गिटार आणि येउनकडे कीबोर्ड होता. ऑगस्ट २०१५ मधील 'रीबूट' या संग्रहातील 'आय फील यू' हे मुख्य गाणे पार्क जिन-यंग यांचे होते. उर्वरित गाण्यांच्या लेखनात वा संगीतरचनेत मात्र सदस्यांचा सहभाग होता.

जुलै २०१६ मधील 'व्हाय सो लोनली' हे या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचे वळण म्हणावे लागेल. समूहाचे मुख्य गाणे सदस्यांनीच सहलेखनातून घडवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. रेगे शैलीतील हे गाणे कोरियातील 'गाऑन' या डिजिटल यादीत अग्रस्थानी पोहोचले. ज्या मुलींना चौदाव्या वर्षी तयार गाणी, तयार नृत्य आणि तयार भूमिका देण्यात आल्या होत्या, त्यांनी पंचविशीच्या आसपास स्वतःच्या गाण्यांवर कर्तृत्व प्रस्थापित केले.

हे कर्तृत्व समूहाचे आयुष्य वाढवू शकले नाही. २६ जानेवारी २०१७ रोजी समूहाच्या विसर्जनाची घोषणा झाली. येउन व सनमी यांनी कंपनी सोडली, तर युबिन व हेरिम यांनी करारांचे नूतनीकरण केले. पदार्पणाच्या दहाव्या वर्धापनाला, म्हणजे १० फेब्रुवारी २०१७ रोजी, निरोपाचे गाणे प्रसिद्ध करून समूहाने रजा घेतली.

करार, वय आणि नावाची मालकी

या चारही टप्प्यांच्या मुळाशी करारव्यवस्था आहे. कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने जुलै २००९ मध्ये कलावंतांसाठी नमुना करार जाहीर केला आणि अनन्य कराराची मुदत सात वर्षांपर्यंत मर्यादित केली. त्याच महिन्याच्या अखेरीस 'तोहोशिंकी' या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या 'डोंग बांग शिन की' समूहातील तीन गायकांनी आपल्या १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यामुळे दीर्घ करारांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. सात वर्षांच्या मर्यादेमुळे कलावंतांना फेरविचाराचा एक निश्चित क्षण मिळाला. अनेक समूह सातव्या वर्षाच्या सुमारास फुटतात वा बदलतात, याचे मुख्य कारण हेच आहे. चाहते या घटनेला 'सात वर्षांचा शाप' म्हणत असले तरी प्रत्यक्षात ती करार संपण्याची तारीख असते.

अल्पवयीन कलावंतांच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर आला. २०१४ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने १५ वर्षांखालील कलावंतांसाठी आठवड्याला ३५ तास आणि त्यावरील अल्पवयीनांसाठी ४० तास अशी कामाची मर्यादा घातली. वंडर गर्ल्सच्या तीन सदस्यांनी चौदाव्या वर्षी काम सुरू केले, तेव्हा हे संरक्षण अस्तित्वात नव्हते.

तिसरा मुद्दा नावाच्या मालकीचा आहे. समूहाचे नाव बहुधा कंपनीच्या व्यापारचिन्हात मोडते. त्यामुळे सदस्य एकत्र राहिले तरी कंपनी सोडल्यास जुने नाव वापरण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळत नाही. 'टी-आरा' समूहाच्या बाबतीत करार संपताना कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. २०१८ मध्ये तो फेटाळला गेला. याउलट, 'फिफ्टी फिफ्टी' या समूहातील चारपैकी तिघींचे करार २०२३ मध्ये रद्द झाले, तरी उरलेल्या एका सदस्येसह २०२४ मध्ये त्याच नावाने पाच जणींचा समूह पुन्हा उभा राहिला. एका प्रकरणात नाव व्यक्तींशी, तर दुसऱ्यात कंपनीशी जोडलेले राहिले.

समारोप

वंडर गर्ल्सच्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, सदस्यबदलाला केवळ वैयक्तिक दुर्दैव वा अंतर्गत कलह मानता येत नाही. बालवयात केलेला दीर्घ करार आणि वयानुसार बदलत जाणारे आयुष्य यांतील विसंगती त्यातून प्रकट होते. चौदाव्या वर्षी ठरवलेली वाट विसाव्या वा पंचविसाव्या वर्षी तशीच मान्य राहील, ही अपेक्षाच मुळात अवास्तव आहे. दुसरा, जाणाऱ्या व्यक्तीची कारणे तिची स्वतःची असली तरी तिच्या जागेचे भवितव्य उद्योगाची गरज ठरवते. तिसरा, समूह टिकण्यासाठी केवळ नाव आणि जुनी गाणी पुरेशी ठरत नाहीत. सदस्यांना निर्मितीत वाटा मिळाल्यावर या समूहाला नवी ओळख मिळाली, परंतु ती नवव्या वर्षी मिळाली आणि तोवर करारांचे अखेरचे पर्व जवळ आले होते.

सनमी, युबिन आणि येउन यांनी पुढे एकल गायिका म्हणून स्वतंत्र वाट धरली. विवाहानंतर मंचापासून दूर गेलेली सनयेही २०२१ मध्ये 'मॉम इज द आयडॉल' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून, माता झालेल्या गायिकांच्या समूहात, पुन्हा गाताना दिसली. ज्या कारणामुळे २०१३ मध्ये तिचे समूहातील स्थान अशक्यप्राय ठरले, तेच कारण आठ वर्षांनी तिच्या पुनरागमनाचा विषय झाले. समाजाच्या अपेक्षा बदलू शकतात, हे यावरून दिसते. मात्र त्या बदलेपर्यंतची किंमत गायिकेलाच मोजावी लागते. के-पॉपच्या यशाचे मूल्यमापन करताना या किमतीची नोंद घेतल्याशिवाय ते पूर्ण होऊ शकत नाही.